खारी हट्टी नाही, तिला गोणपाट हवंय

ताई, नमस्कार.
मार्चमध्ये आम्ही एक छोटी पामेरियन कुत्री दत्तक घेतली. नाव खारी. वय चार-पाच वर्षं, वजन साडेपाच किलो. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाने तिला नुसती विणीसाठी पिंजऱ्यात ठेवलेली होती. स्वयंसेवकांनी सोडवली, नसबंदी केली आणि आमच्याकडे दिली. गुणी आहे, चावत नाही, भुंकतही नाही फारशी. पण शी-शूच्या बाबतीत कमालीची हट्टी. दिवसातून तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं खाली फिरवते, ही ढिम्म. घरात पाऊल टाकलं की दहा मिनिटांत दाराजवळच्या पायपुसण्यावर, नाहीतर बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर, एकदा सासूबाईंच्या गोधडीवर. परवा देवघरासमोरच्या आसनावर केली, तेव्हा घरात जे झालं ते लिहीत नाही. मिस्टरांनी त्यांच्या लहानपणच्या पद्धतीने तिचं नाक त्यात घासून पाहिलं, पेपरची गुंडाळीही दाखवली. आता ती सोफ्यामागे जाऊन करते. शू करायला पसरायचे ते पी पॅड आणले, ते फाडून टाकले. सासूबाई म्हणतात, परत देऊन टाका. मलाही रडू येतं. ही सुधारेल का?
फरशीपुसणी, चिंचवड

फरशीपुसणीबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि पायपुसणं, पायपुसणं, गोधडी, आसन या चार शब्दांखाली मी रेघा मारल्या. तुमच्या घरात कितीतरी उघडी फरशी असणार. त्यावर केल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. सोफ्यामागेसुद्धा बघा, तिथे एखादी गुंडाळून ठेवलेली सतरंजी किंवा गालिच्याची कड असेल. पैज लावते.

आता त्या स्वयंसेवकांना एक फोन करा आणि विचारा, पिंजऱ्यात काय अंथरलेलं होतं? माझा अंदाज आहे, गोणपाट.

पिल्लाचं असं असतं. पहिले दोन-तीन आठवडे आई चाटून त्याच्याकडून शी-शू करवून घेते. मग ते स्वतःच धडपडत झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन करायला लागतं. कोणी शिकवावं लागत नाही. आठ-नऊ आठवड्यांचं होईस्तोवर पायाखाली जे लागत असेल, माती, गवत, सिमेंट, कापड, ते 'इथे करायचं असतं' म्हणून डोक्यात पक्कं बसतं. तुमच्या खारीला चार पावलं लांब जायला जागाच नव्हती. जिथे झोप, तिथेच खाणं, तिथेच सगळं. पिल्लं विकणाऱ्यांसाठी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत, दीड वर्षाच्या आतली मादी विणीला लावायची नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही वगैरे. नियम छान आहेत. खारीने ते वाचलेले नसावेत आणि तिच्या मालकानेही.

तर हट्टी म्हणजे काय, यावर आधी आपण एकमत करू. हट्टी म्हणजे जिला कळतं आणि तरी करत नाही ती. खारीला जे शिकवलं गेलं ते ती इमानाने करते आहे. मऊ, पाणी शोषणारं, पायाखाली खरखरीत लागणारं काही दिसलं की तिथे करायचं. चार-पाच वर्षं हाच तिचा धडा होता. तुमचं काथ्याचं पायपुसणं बघून तिला वाटत असेल, चला, या घरात शौचालयाची सोय तरी चांगली आहे.

माझ्याकडे टिल्लू नावाचा एक होता. गॅरेजमध्ये साखळीला बांधलेला मिळाला होता. मी त्याला रोज बागेत नेई, हिरवंगार गवत, झाडं, वर आणखी माझी काकुळती. तासभर काही नाही. परत येताना बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या सिमेंटवर पाय पडला की तिथल्या तिथे. वॉचमन माझ्याकडे बघायचा आणि मी आकाशाकडे. त्याला गवत म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, हे कळायला मला तीन महिने लागले. तेव्हा तुम्ही चार महिन्यांनी पत्र लिहिलंत, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ती मिस्टरांना वाचून दाखवा, पण जेवण झाल्यावर. नाक घासल्याने कुत्र्याला 'घरात करू नये' हे कळत नाही. 'माणसाच्या समोर करू नये' एवढंच कळतं. म्हणून ती सोफ्यामागे गेली. आणि म्हणूनच खाली पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही उभ्या असताना ती चाळीस मिनिटं धरून ठेवते. तुम्ही म्हणजे माणूसच की! ती घरी येते, तुम्ही चपला काढून आत वळता, पाठ फिरते, मग ती सुटकेचा निःश्वास टाकते. तुमच्या दृष्टीने हा उद्दामपणा, तिच्या दृष्टीने ही शिस्त.

आणि "पण तिला कळतं हो, मी आले की कान पाडून कोपऱ्यात बसते" असं म्हणू नका. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊला तोंड लावू नको असं कुत्र्याला सांगून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच खाल्लं का यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला का यावर होता. न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच पडला. सासरी आलेल्या कुठल्याही सुनेला हे प्रयोगाशिवाय समजावं.

कामाला लागायच्या आधी एक दिवस व्हेटकडे जाऊन या. ती बराच वेळ धरू शकते आणि एकदम मोकळी होते, म्हणजे आजार असण्याची शक्यता कमी दिसते, पण छोट्या जातींत मूत्राशयात खडे होतात, मादीला जंतुसंसर्गही सहज होतो. थेंब थेंब होणं, रक्त, अचानक जास्त पाणी पिणं, झोपेत अंथरूण ओलं होणं, यातलं काही असेल तर शिकवण्या नंतर, औषध आधी. सकाळची पहिली लघवी तपासायला न्या. ती धरायला लांब दांड्याचा जुना डाव उत्तम, ती बसली की मागून हळूच सरकवायचा. तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात दिसता कामा नये, हे सांगायला नकोच.

मग वाण्याकडे जा आणि तागाची दोन रिकामी पोती मागा. तांदूळ हल्ली प्लॅस्टिकच्या पोत्यात येतो, ती नकोत. खरं गोणपाट. त्याचे साधारण दोन फुटी तुकडे कापा. नर्सरीत रोपं ठेवायचा मोठा उथळ ट्रे मिळतो, तो आणा. ती कडेने दोन गिरक्या घेऊ शकेल एवढा हवा. बाल्कनीच्या न भिजणाऱ्या कोपऱ्यात ट्रे, ट्रेमध्ये गोणपाट. आणि त्याच दिवशी घरातली झाडून सगळी पायपुसणी, सतरंज्या, बाथरूममधला मऊ गालिचा, सगळं गुंडाळून माळ्यावर. आसन पूजेपुरतं काढायचं, पूजा झाली की खुंटीला. पाय पुसायचे असतील तर बाहेर कॉरिडॉरमध्ये पुसा. घरात तिच्या पायाला मऊ, खरखरीत असं एकच ठिकाण लागलं पाहिजे आणि ते बाल्कनीत. पी पॅडही नकोत, ते गुळगुळीत आणि फाडायला मजेदार, तिला त्यांचा काही अर्थ लागत नाही. घरात कुठे झालंच, तर ते टिपलेला कागद नव्या गोणपाटाखाली ठेवा. वास हाच तिचा पत्ता.

"म्हणजे घरातच करायला शिकवायचं?" हा प्रश्न मला चिंचवडहून इथपर्यंत ऐकू आला. हो, आधी तिथे. आषाढात साडेपाच किलोच्या कुत्रीला पावसात उभं करून शिकवणं म्हणजे दोघींनी भिजून काहीच न शिकणं. शिवाय आपण तिला बाल्कनी शिकवत नसून 'माणसासमोर, सांगितलेल्या जागी, आणि वर बक्षीस' हे शिकवतो आहोत. जागा पुढे हलवता येते. गोणपाट उचलून कुठेही नेता येतं, हीच त्याची गंमत.

चार दिवस एक वही घाला. किती वाजता खाल्लं, पाणी प्यायली, किती वाजता केलं. दुसरं काही करू नका, फक्त लिहा. बहुतेक कुत्री जेवल्यावर दहा ते तीस मिनिटांत शी करतात, उठल्यावर लगेच शू, खेळून झाल्यावर पुन्हा. तिसऱ्या दिवशी तुम्हाला तिचं वेळापत्रक तिच्याहून आधी कळायला लागेल. जेवण दोन ठरावीक वेळांना, पंधरा-वीस मिनिटांत भांडं उचलायचं. पाणी मात्र कमी करायचं नाही. लोक हे करतात, विशेषतः रात्री, आणि पुणे काय, मुंबई काय, उकाड्यात ते क्रूरच आहे.

वेळ झाली की तिला पट्ट्यावर ट्रेपाशी न्यायचं, तिच्याकडे टक लावून न बघता शेजारी उभं राहायचं. कुंड्यांतली सुकलेली पानं काढा, नाहीतर फोनवर बोला. ती बसली की हळू आवाजात "शू कर" म्हणा. आधी नाही, तिचं चालू असताना. शब्द आणि क्रिया जुळायला वेळ लागतो. झालं की दोन सेकंदांच्या आत, ती ट्रेवर असतानाच, तोंडात खाऊ. आत येऊन फ्रिज उघडून दिलेला खाऊ हा फ्रिजजवळ जाण्याचा खाऊ होतो. खाऊ म्हणजे मीठ-कांदा न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, घरात चालत नसेल तर पनीर. हा खाऊ दुसऱ्या कशासाठीही द्यायचा नाही. गोड दिसली म्हणूनही नाही.

पाच-सात मिनिटांत केलं नाही तर रागवायचं नाही, आत यायचं, पण मोकळं सोडायचं नाही. चुकतं ते इथेच. ही दहा मिनिटं तिचा पट्टा तुमच्या कमरेला, ओढणीच्या गाठीला बांधा. पोळ्या लाटताना ती पायाशी. बेचैन झाली, हुंगायला लागली, गोल फिरली, की उचला आणि ट्रेवर. साडेपाच किलोच्या कुत्रीचा हा फायदा, मध्येच उचलता येते. वाटेत चार थेंब पडतील, पडू द्या. "अगंऽऽ" असं ओरडू नका फक्त. बाकीचं तिने ट्रेवर केलं तर ते पूर्ण यश धरायचं, खाऊसकट.

लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा बाल्कनीलगतची खोली, दाराला लहान मुलांसाठीचं जाळीचं फाटक लावून. पिंजरा नको. एरवी कुत्र्यांना शिकवताना पिंजरा कामाला येतो, कारण ती झोपायच्या जागी घाण करायचं टाळतात. खारीची ती लाजच मोडून टाकलेली आहे. तिला पुन्हा पिंजऱ्यात घातलंत तर ती पुन्हा पिंजऱ्यातल्यासारखीच वागेल.

फिरायला नेणं बंद करू नका, पण त्याचा क्रम उलटा करा. आत्ता काय होतं, चाळीस मिनिटं फिरणं आणि मग घर. कधी चुकून केलं असेल तर तुम्ही "झालं बाई!" म्हणून लगेच वर आणलं असेल. म्हणजे केलं की मजा संपते. आता दोन आठवडे ट्रेवर नीट जमल्यावर गोणपाटाचा वापरलेला तुकडा पिशवीत घालून खाली न्या. पहाटे, दुधाच्या गाड्या यायच्या आधी, पंपाच्या खोलीमागे असतो तसा एखादा मुका कोपरा बघून मातीवर तो टाका आणि उभ्या राहा. चालायचं नाही. कुत्री बसते तेव्हा ती सगळ्यात असहाय असते, आणि समोर चार रस्त्यावरचे दादा भुंकत असतील तर कोण बसेल? झालं की खाऊ, आणि मग लांब फेरी, हवं तेवढं हुंगणं. नाही झालं तर पाच मिनिटांत वर, कमरेला ओढणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा. हळूहळू तुकडा लहान करत न्यायचा, पोळपाटाएवढा, मग बशीएवढा, मग तळहाताएवढा, मग नुसती माती. शी उचलायला कागद-पिशवी मात्र सोबत हवीच. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत म्हटलेलं आहे, पण कुत्र्याची घाण साफ ठेवायला मालकांनी हातभार लावावा, असा सल्लाही त्यात आहेच. सेक्रेटरीला पहिलं वाक्य ऐकवायचं असेल तर दुसरं पाळावं लागतं.

पुसण्याबद्दल. फिनेलने तुमच्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाही. तिला फिनेलखालून जुना वास नीट येतो. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून ती पंजे चाटते, ते तिला बाधतं. अमोनियावाले क्लीनर तर आगीत तेल, लघवीतही अमोनियाचाच वास असतो. आधी कागदाने कोरडं टिपा, मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. उकळतं पाणी घेतलंत तर एन्झाइम निकामी होतात. व्हिनेगर सगळे सांगतील. साध्या टाइल्सवर चालतं, पण शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर नको, हे सगळे चुनखडीचे दगड, आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि डाग कायमचा. जुने डाग कुठे आहेत ते बघायचं असेल तर दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा आणा आणि रात्री लाइट घालवून फिरवा. जे चमकेल ते बघून घाबरू नका. काही डाग तुमच्या मुलांचेही असू शकतात.

आता माणसं. पहिले पंधरा दिवस ट्रेजवळचा खाऊ शक्यतो मिस्टरांच्या हातून मिळू दे. सकाळची पाळी त्यांची. ज्या हाताने नाक घासलं त्या हाताला चिकनचा वास यायला हवा, त्याशिवाय ती त्यांच्यासमोर मोकळी होणार नाही. ते तिच्यावर वाकून उभे राहत असतील तर बाजूला बसायला सांगा. त्यांना बघून ती कधी आडवी होऊन थोडी शू करत असेल, तर तो भीतीचा नमस्कार आहे, शिकवणीतली चूक नाही. त्याकडे बघायचंच नाही.

सासूबाई दिवसभर घरी असतात ना? मग वही त्यांच्याकडे द्या. मी हे चेष्टेने म्हणत नाही. ज्या बाईने तान्ह्या मुलांना पायांवर घेऊन शी-शू करवली, तिला वेळ ओळखण्याबद्दल मी काय शिकवणार? त्यांना कुत्रीला शिवायला सांगू नका, देवघराच्या खोलीलाही फाटक लावून त्यांचं सोवळं सांभाळा. फक्त एवढंच, "आई, ती उठली की हाक मारा आणि वहीत लिहा." चौथ्या दिवशी त्या तुम्हाला सांगतील की हिची चारची वेळ चुकली.

किती दिवस? तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला, असा एक ढोबळ हिशोब अशी कुत्री सोडवणारे लोक सांगतात. पिंजऱ्यातून आलेलीला त्याहून जास्त. नीट केलंत तर सहा-आठ आठवड्यांत फरक दिसेल, आणि मध्येच एक भयंकर आठवडा येईल. सलग दहा दिवस चूक झाली नाही की लोक ओढणी सोडतात आणि सगळं घर मोकळं करून देतात. तसं करू नका. एक खोली, मग आठवड्याने दुसरी. आणि समजा वर्षभराने ती जोराच्या पावसात खाली करायला तयारच झाली नाही, बाल्कनीतला ट्रे तेवढा राहिला, तर राहू द्या. साडेपाच किलोच्या कुत्रीची दिवसभराची लघवी मिळून एक फुलपात्रभर. गोणपाट धुऊन वाळत टाकायचं, दुसरं अंथरायचं. टिल्लू शेवटपर्यंत सिमेंटवरच करायचा, आम्ही त्याला घेऊन अकरा वर्षं पार्किंगमध्ये उभे राहिलो.

परत देण्याचं विचारलंत. द्यायचीच झाली तर त्याच स्वयंसेवकांकडे द्या, 'कोणीतरी ओळखीचं' शोधत बसू नका. मी मात्र तुमच्या जागी असते तर आठ आठवडे थांबले असते, कारण आत्तापर्यंत तिला कोणी काही शिकवलेलंच नाही, तुम्हीसुद्धा. रागावून घेऊ नका.

आणि हो, आठ आठवडे म्हणजे मध्ये गणपती. पाहुणे येणार, ढोल वाजणार, तेव्हा शिकलेलं थोडं विसरेल. आरतीच्या वेळी तिला बाल्कनीलगतच्या खोलीत ठेवा, ट्रे तिथेच आत घ्या. खिरापतीतली खिसमिस तिला कोणी घालणार नाही हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात. आणि पाहुणे येणार म्हणून दारात नवीन पायपुसणं घालाल, ते मात्र घालू नका. लोकांना चपला काढून आत येऊ द्या, पाय ओले असले तरी.